तंबाखूमुक्ती केंद्राची पायरी रुग्ण का चढत नाही?

खोकल्याचे औषध घ्यावयास आलेल्या रुग्णास प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर सांगतात, ‘बिडी सोडा.’ रुग्ण मान डोलावतो, औषध घेऊन घरी जातो. परंतु तंबाखूमुक्ती केंद्राकडे त्याची पावले वळत नाहीत. सल्ला आणि उपचार यांमधील हे अंतर मिटविणे हे आरोग्यकार्यातील महत्त्वाचे आव्हान आहे.

या दृष्टीने इंग्लंडमधील एक प्रयोग उद्‌बोधक आहे. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९९ दवाखान्यांतील ४,३८४ धूम्रपींचे दोन गट करण्यात आले. एका गटास धूम्रपानमुक्ती सेवेची माहिती देणारे सर्वसाधारण पत्र गेले. दुसऱ्या गटातील प्रत्येकास, दवाखान्यातील नोंदी पाहून, त्याच्या स्वतःच्या प्रकृतीस असलेला धोका सांगणारे पत्र गेले. सोबत ‘एकदा येऊन तर पाहा’ असे परिचय-बैठकीचे निमंत्रणही होते. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ९ टक्के, तर दुसऱ्यातील १७.४ टक्के व्यक्ती केंद्रात गेल्या. प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. तथापि, सहांपैकी सुमारे पाच जण तरीही आले नाहीत, हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडे प्रश्नाचे स्वरूप काहीसे निराळे आहे. २०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करीत होते, तर धूरविरहित तंबाखू सेवन करणारे २४.४ टक्के होते. म्हणून ‘बिडी ओढता काय?’ एवढेच विचारणे अपुरे आहे. मिश्री लावणाऱ्या अनेक भगिनी तिला व्यसन मानीतच नाहीत. मिश्री, खर्रा, चुना-तंबाखू यांची नावे घेऊनच विचारपूस व्हावी व तिची नोंद केसपेपरवर व्हावी.

त्यानंतर रुग्णास केवळ ‘केंद्रात जा’ असे न सांगता वार, वेळ आणि भेटावयाच्या समुपदेशकाचे नाव चिठ्ठीवर लिहून द्यावे. मजुरी बुडू नये म्हणून शक्यतो बाजाराचा दिवस निवडावा. आशा कार्यकर्तीने आदल्या दिवशी आठवण करावी. ज्यांना येणे अशक्य, त्यांना १८००-११-२३५६ ही २०१६ मध्ये सुरू झालेली निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी सेवा सुचवावी. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत, तर शिक्षकांनी पालकसभेत केंद्राची माहिती द्यावी.

व्यसन सुटून पुन्हा जडणे हा अपराध नव्हे. अशा रुग्णास बोल न लावता पुन्हा तारीख द्यावी. आपुलकीने बोलाविलेला माणूस उशिरा का होईना, येण्याचा संभव अधिक असतो.