एका दिवसात जंगल आणि किनारा

प्रश्न : मुंबईहून एका दिवसात किनाऱ्यालगतचं जंगल आणि वन्यजीव टिपायचे आहेत. कुठे जावं? ७०-३०० लेन्स पुरेल का?

उत्तर : मुरूडजवळचं फणसाड अभयारण्य गाठा. जंजिऱ्याच्या नवाबांचं हे शिकारीचं राखीव रान १९८६मध्ये अभयारण्य झालं. प्रवेश सुपेगावातून. पहाटेच पोहोचा आणि स्थानिक वाटाड्या सोबत घ्या.

इथला मानकरी शेकरू. खडखडाटासारखा आवाज आला की जागीच थांबा, वर पाहा. फांदीवरून लोंबणारी झुपकेदार शेपटी आधी दिसते, मग तांबूस पाठ. मागे उजळ आकाश असेल तर प्राणी काळा पडतो. एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा. ३०० मिलिमीटर पुरतं. शटर १/५०० सेकंदाखाली नको, आयएसओ वाढला तरी चालेल.

दुपारनंतर काशीदच्या किनाऱ्यावर उतरा. कोकणातला जुना हिशेब लक्षात ठेवा : तिथीची पाऊणपट म्हणजे साधारण भरतीची वेळ. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी संध्याकाळी पाचनंतर. ओली वाळू आणि तिरपा प्रकाश एकत्र मिळतात. किनारपक्षी खाली बसून, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवरून टिपा.

घरटी टिपू नका, ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्षी बोलावू नका आणि थव्यामागे धावू नका. दूरवरून येणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांना प्रत्येक उड्डाणाची किंमत मोजावी लागते. आपल्या फोटोपेक्षा त्यांचं पोट भरणं महत्त्वाचं.