टाळूचं ऑपरेशन ठरलंय, तयारी काय करू?

प्रश्न : बाळ दहा महिन्यांचं आहे, टाळू दुभंगलेला. पुढच्या महिन्यात पुण्यात ऑपरेशन आहे. सासूबाई म्हणतात, ग्रहण पाळलं नाहीस. – एक आई, तळेगाव ढमढेरे

उत्तर : ग्रहणात भाजी चिरल्यानं टाळू दुभंगत नाही. सासूबाईंना हे वाचून दाखवाच!

आजपासून बाटली सोडवा. बाळाला बसतं धरून छोट्या वाटीची कड खालच्या ओठाला टेकवा, दूध त्याला ओढू द्या. टाके असताना चमचा, बोट, खुळखुळा काहीच तोंडात जाता कामा नये. साधारणपणे भुलीआधी अंगावरचं दूध ४ तास, वरचं दूध ६ तास बंद. नेमकी वेळ भूलतज्ज्ञांकडून घ्या. सर्दी-ताप लपवू नका, तारीख पुढे गेली तरी चालेल. कानही तपासून घ्या, पडद्यामागे पाणी साचतं. खर्चासाठी आशाताईंकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करा.