पश्चिमेची खिडकी का गळते?

प्रश्न : भुईगावात आमचं घर समुद्राच्या बाजूला आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या जोराच्या पावसात गळतात. कारागीर सिलिकॉन मारून जातो, पुन्हा तेच. दोष कसा शोधावा?

उत्तर : आधी सिलिकॉन थांबवा. बहुतेकदा त्यानेच खालच्या पट्टीतली निचऱ्याची भोकं बुजलेली असतात. पट्टीत तांब्याभर पाणी ओता. ते बाहेर वाहून जायला हवं. साचलं, तर चोर सापडला.

निचरा ठीक असेल, तर पट्टीची आतली कड मोजा. ताशी 54 किलोमीटरचा वारा सुमारे 135 पास्कल दाब देतो, म्हणजे पट्टीतलं पाणी जवळपास 14 मिलिमीटर वर चढतं. कड त्याहून बुटकी असेल, तर सिलिकॉन काय करणार?

मग नळीने पाणी मारा, पण खालून वर. आधी खिडकीवर प्लास्टिक चिकटवून फक्त चौकट-भिंतीचा सांधा भिजवा. तेव्हाच आत ओल आली, तर दोष गिलाव्याचा किंवा सांध्याचा, खिडकीचा नव्हे. जवळच्या प्लगची वीज मात्र बंद ठेवा. हवा कुठून शिरते ते शोधायला वाऱ्याच्या दिवशी पंखे बंद करून कडेने उदबत्ती फिरवा आणि धूर कुठे हलतो ते पाहा.

एएसटीएम ई-1105 या बसवलेल्या खिडक्यांच्या प्रमाणित चाचणीत फवाऱ्यासोबत आत-बाहेर दाबाचा फरकही निर्माण करतात. नुसत्या नळीत तो नसतो, म्हणून घरगुती चाचणीत कोरडी राहिलेली खिडकी वादळात गळू शकते.

नव्या खिडक्या घेणाऱ्यांनी ई-1105 चाचणी करारातच लिहून घ्यावी आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच द्यावा.