एक पुडी, एक लीटर पाणी

लहान मुलाला जुलाब होऊ लागले की डॉक्टर एक पुडी देतात. ती पाण्यात विरघळवून मुलाला थोडी थोडी पाजतात. या द्रावणाला जलसंजीवनी म्हणतात.

१९७१ साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धामुळे लाखो निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे त्यांच्यात पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यात विरघळवून ते पाणी रुग्णांना पाजले. त्यामुळे कितीतरी लोकांचे प्राण वाचले.

जलसंजीवनीत प्रत्येक पदार्थाचे माप ठरलेले असते. आपण ग्लुकोजचा हिशोब करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ सालच्या सूत्राप्रमाणे १ लीटर द्रावणात १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. ग्लुकोजचा १ मोल म्हणजे १८० ग्रॅम.

१३.५ ÷ १८० = ०.०७५ मोल

म्हणून या द्रावणात ग्लुकोजची संहती दर लीटरला ०.०७५ मोल आहे.

आता एका मुलाने हे द्रावण पेलाभर, म्हणजे २०० मिलिलीटर, प्यायले. त्याच्या पोटात किती मोल ग्लुकोज गेले? सूत्र सोपे आहे :

द्राव्याचे मोल = संहती × द्रावणाचे आकारमान (लीटरमध्ये)

प्रथम मिलिलीटरचे लीटर करा : २०० ÷ १००० = ०.२ लीटर.

०.०७५ × ०.२ = ०.०१५ मोल

०.०१५ × १८० = २.७ ग्रॅम

लीटर करायला विसरलात, तर उत्तर १५ मोल येईल. म्हणजे २७०० ग्रॅम! एका पेल्यात जवळजवळ पावणेतीन किलो ग्लुकोज मावेल का? म्हणून उत्तर आले की ते शक्य आहे का, हे नेहमी पाहावे.

समजा, एक लीटरची पुडी कोणी अर्ध्याच लीटर पाण्यात कालवली. पुडीतले मोल तेवढेच राहिले, पण पाणी निम्मे झाले. संहती दुप्पट झाली. दर पेल्यात ग्लुकोज दुप्पट आणि मीठही दुप्पट! अशा दाट द्रावणाने जुलाब वाढू शकतात, रक्तातील मीठ वाढून बाळाच्या जिवावर बेतू शकते. उलट पाणी जास्त झाले, तर औषध पातळ होऊन त्याचा गुण कमी येतो.

म्हणून पुडीवर किती पाणी लिहिले आहे ते आधी वाचा. तेवढेच स्वच्छ पाणी मोजून घ्या. घरातील कोणाला वाचता येत नसेल, तर त्यांना तुम्ही वाचून दाखवा.

आता तुम्ही सांगा : मुलाने १०० मिलिलीटर द्रावण प्यायले, तर त्याला किती मोल ग्लुकोज मिळाले?