४५ दिवसांचं गणित

शिरोली-गोकुळ शिरगावच्या पट्ट्यात छोट्या फाउंड्रीवाल्याकडे हल्ली मोठ्या ग्राहकांचे पर्यावरण-तपासनीस येतात. टनाला किती युनिट जळतात, वापरलेली वाळू कुठे टाकता, सगळं विचारतात. विचारावंच. कणकवलीकडून वाळू आणायची आणि कोअर जळला की ती खड्ड्यात लोटायची, हे किती वर्षं चालणार?

माझ्या एका ग्राहकाने वाळू पुन्हा वापरायचं यंत्र बसवायला लावलं. कर्ज काढलं, वाळूची खरेदीही कमी झाली. पण पुढे त्याचंच पेमेंट १२० दिवसांवर गेलं. वाळूत वाचलेलं कॅश क्रेडिटच्या व्याजात जिरलं. भंगार उधारीवर घ्यायची पाळी आली, आणि उधारीवाल्याच्या वाट्याला भंगारही गंजकं, मातीचं येतं. मग स्लॅग वाढतो, भट्टी जास्त वेळ चालते, रिजेक्शन वाढतं. नाकारलेलं कास्टिंग पुन्हा वितळवायचं म्हणजे वीज दुप्पट. उशिरा आलेल्या पैशाचा धूर असा आमच्याच धुराड्यातून निघतो, आणि अहवालात ठपका आमच्यावर!

म्हणून नव्या उद्योजकांना सांगतो, यंत्राचं कोटेशन मागवण्याआधी कागद बघा. उद्यम नोंदणी ऑर्डर घेण्याआधीची हवी. नंतर केलेली मागच्या व्यवहाराला लागू पडत नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल ४५ दिवसांत चुकतं व्हायला हवं, करार नसेल तर १५. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. मालाबद्दल तक्रार असेल तर ग्राहकाने ती माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी द्यायची असते. तेव्हा चलनावर तारीख, सही-शिक्का घेतल्याशिवाय गाडी परत आणू नका.

थकलेल्या बिलाची तक्रार घेऊन फॅसिलिटेशन कौन्सिलकडे गेलं की ग्राहक तुटतो, ही भीती खरी आहे. मीही अजून गेलेलो नाही. त्यापेक्षा २०२४ पासून आयकराची बाजू उपयोगी पडते. मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट ग्राहकाला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. मार्च जवळ आला की खरेदी विभागाला नाही, त्यांच्या अकाउंट्सला फोन करा. तिथे हे लगेच कळतं.

आणि कर्जाशिवाय होणारी कामं आधी उरका: भट्टीचं झाकण बंद ठेवणं, भंगार झाडून घेणं, रिजेक्शनची कारणं रोज फळ्यावर लिहिणं.