आजोबा परत कधी येणार?

प्रश्न : आमचा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात सासरे वारले. रामकुंडावर अस्थिविसर्जनाला तोही होता. 'आजोबा झोपलेत' असं आम्ही त्याला सांगितलं होतं. आता पाहुण्यांसमोरही विचारतो, 'आजोबा पाण्यात बुडाले? परत कधी येणार?' रात्री झोपायला घाबरतो. विषय टाळावा का?
– एक आई, पंचवटी, नाशिक

उत्तर : टाळू नका. मरण कायमचं असतं, ही समज साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान येते. म्हणून तो तेच तेच विचारतोय. हट्ट नव्हे तो. भीती मात्र तुमच्या उत्तरातून आली. झोपलेले आजोबा उठलेच नाहीत, मग मी उठेन का?

सरळ सांगा : 'आजोबांचं शरीर काम करायचं थांबलं. आता त्यांना दुखत नाही, भूक लागत नाही. ते परत येणार नाहीत. नदीत आपण अस्थी सोडल्या, आजोबा बुडाले नाहीत.' दहनाबद्दल विचारलं तरच बोला, तेही थोडक्यात. 'देवाघरी गेले' म्हणायला हरकत नाही, पण हे सांगून झाल्यावर; नाहीतर 'मलाही तिथे ने' सुरू होतं. पाहुण्यांसमोर दटावू नका, पाहुण्यांना काय वाटायचं ते वाटू दे.

झोपेची भीती आणखी दोन-तीन आठवड्यांत ओसरली नाही, तर बालरोगतज्ज्ञांना भेटा. 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावरही मोफत सल्ला मिळतो.