डिझेलची बोलेरो की पेट्रोलची डिझायर?

प्रश्न : आमची अंबड तालुक्यात मोसंबीची बाग आहे. घरात सहा माणसं. मुलगा रोज जालन्याला एमआयडीसीत कामाला जातो, मुलगी छत्रपती संभाजीनगरला शिकते. जुनी गाडी आता काढायची आहे. शोरूमवाला म्हणतो, शेतकऱ्याला डिझेलची बोलेरोच परवडते. मुलाचा आग्रह पेट्रोलच्या डिझायरचा. पुतण्या वेगळंच सांगतो, की डिझेल गाड्या दहा वर्षांनी बंदच होणार. गावापर्यंत डांबरी आहे, पुढे बागेपर्यंत दीड किलोमीटर कच्चा शेतरस्ता. काय घ्यावं?

— एक वाचक, अंबड तालुका

उत्तर : शोरूमवाल्याचा हिशेब खोटा नाही, फक्त 2012 सालचा आहे. त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस दिल्लीत पेट्रोल 73 रुपयांवर गेलं होतं आणि डिझेल 41 च्या आत होतं. पेट्रोलचे भाव सरकारनं जून 2010 मध्येच मोकळे सोडले. डिझेलचे मात्र धरून ठेवले होते. लिटरमागे 32 रुपयांचा फरक म्हटल्यावर डिझेल गाडी घेणारा शहाणा ठरायचाच. पुढे ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलही मोकळं झालं आणि फरक आटत गेला. जून 2020 मध्ये तर दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झालं होतं. भाव बदलले, पण ‘डिझेल म्हणजे स्वस्त’ हे आपल्या डोक्यात बसलं ते बसलंच.

आताचं गणित मांडू. पेट्रोल 105 आणि डिझेल 92 रुपये धरा. बोलेरो आपल्याकडच्या रस्त्यांवर 14 चं ॲव्हरेज देईल, डिझायर 18 चं. कागदावर डिझायरचं मॅन्युअल मॉडेल 24.79 दाखवतं, पण तो आकडा चाचणीतला. शिवाय पंपावरच्या पेट्रोलमध्ये हल्ली 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि त्यात पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा, म्हणजे थोडं ॲव्हरेज तिथंही जातं. (ऊस आपणच लावतो, तक्रार कुणाकडे करणार?) एवढं सगळं धरूनही डिझायर किलोमीटरला 5 रुपये 83 पैशांत चालते आणि बोलेरोला 6 रुपये 57 पैसे लागतात. मुलाचं जालन्याला जाणं-येणं धरून वर्षाला 18,000 किलोमीटर झाले, तर डिझायरला 1,05,000 रुपयांचं पेट्रोल आणि बोलेरोला 1,18,000 च्या वर डिझेल. याच ॲव्हरेजला 2012 चे भाव लावून पाहा : बोलेरो तीन रुपयांच्या आत, डिझायर चारच्या वर. पारडं पूर्ण फिरलं आहे.

गाडी घेतानाचा फरक वेगळाच. आपल्या राज्यात दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीला एकरकमी कर 11 टक्के, डिझेलला 13 टक्के. जीएसटीत मात्र दोघी आता बरोबरीच्या आहेत. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत किंवा डिझेल 1500 पर्यंत असेल, तर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के. दोन्ही गाड्या 3,995 मिलिमीटरच्या, हा योगायोग नव्हे. पहिली डिझायर चार मीटरहून लांब होती. करात बसावी म्हणून 2012 मध्ये तिची डिकी कापून आखूड केली. पाठीमागून ती अजूनही जरा तुटल्यासारखी दिसते, ते त्यामुळे.

मग बोलेरो खपते कशावर? ओढीवर. डिझायरचं इंजिन 82 हॉर्सपॉवरचं, बोलेरोचं 75 चं, पण फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, बोलेरोत 210 न्यूटन-मीटर आणि डिझायरमध्ये 112 च्या आसपास. सात माणसं, टपावर सामान आणि एसी चालू असताना बोलेरोला फरक पडत नाही; पेट्रोल गाडीला तेवढ्याच ओझ्यानं धाप लागते आणि ॲव्हरेजही खाली येतं. खाली शिडीसारखी लोखंडी चेसिस, मागे पाटे, त्यामुळे खड्ड्यांत मार खाऊनही ती उभी राहते. 2000 साली आलेली गाडी अजून विकली जाते आणि गावातला कुठलाही मिस्त्री ती खोलतो, हे काही थोडं नाही. लग्नाला, निवडणुकीला, दवाखान्याला सगळ्यांना तीच लागते. दारात बोलेरो असणाऱ्याला पंचक्रोशीत नकार देणं जमत नाही, हा खर्च मात्र कुठल्याच हिशेबात येत नाही.

आता तुमचा दीड किलोमीटर. उन्हाळ्यात दोन्ही गाड्या जातील. डिझायरचं पोट जमिनीपासून 163 मिलिमीटर, बोलेरोचं 180. फरक जेमतेम बोटभर. पण ट्रॅक्टरच्या चाकोरीमधला उंचवटा घासतो की नाही, ते त्या बोटावरच ठरतं. खरी परीक्षा मृगानंतर. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या नक्षीत भरते, मग चाक आणि मडगार्डच्या मध्ये थर धरते आणि चाक नुसतं गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरतं. अशा वेळी बोलेरोचाही उपयोग नसतो. ती फोर बाय फोर नाही, ओढ फक्त मागच्या चाकांना असते आणि मागे वजन नसेल तर ती बांधाकडे घसरत जाते. बोलेरो निओ ही याच नावाची वेगळी गाडी; तिच्या वरच्या मॉडेलमध्ये घसरणाऱ्या चाकाबरोबर दुसरंही फिरवणारं लॉक मिळतं. त्यानं मदत होते, पण रेगाडात ट्रॅक्टरची जागा कुठलीच जीप घेत नाही. तुमच्या घरी ट्रॅक्टर असेल आणि बाग व्यापाऱ्याला उक्ती देत असाल, तर मोसंबीचे कॅरेट त्याच्या पिकअपमधून जाणार. मग तुमची गाडी बागेत न्यायचं काम किती, ते मोजून पाहा.

डिझेल घेतलीच, तर दोन गोष्टी पाळा. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल गाडीत धूर बाहेर पडण्याच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो तापला की काजळी आपोआप जळते. त्यासाठी गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं साठच्या पुढे चालायला हवी. मुलगा रोज जालना रोडनं जाणार असेल तर प्रश्नच नाही. पण गाडी घर ते बाग, बाग ते दुकान एवढीच फिरली, तर फिल्टर तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो दिवा बघून न बघितल्यासारखं करू नका, काम महागात जातं. दुसरं, बागेवर ट्रॅक्टरसाठी ठेवलेल्या ड्रममधलं डिझेल या गाडीत ओतू नका. फडकं लावून गाळलं तरी पाणी आणि बारीक गंज खाली उतरतोच. जुना ट्रॅक्टर ते पचवतो, नव्या इंजिनाचे इंजेक्टर पचवत नाहीत.

मुलगी आणि समृद्धी महामार्ग या दोन कारणांनी आणखी एक गोष्ट बघा. समृद्धीवर कारला ताशी 120 ची मुभा आहे आणि जालन्यातून ती आता हाताशी आली आहे. ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत नव्या डिझायरला नोव्हेंबर 2024 मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. बोलेरो निओला त्याच वर्षी एप्रिलमध्ये एक. जाड पत्रा म्हणजे मजबूत गाडी, ही आपली समजूत तिथं उपयोगाची नाही. बोलेरोच्या मागच्या आडव्या बाकांवर पोरांना बसवून तर समृद्धीवर अजिबात जाऊ नका.

घरात गुडघे दुखणारं कुणी असेल, तर दोन्ही गाड्यांत बसवून-उठवून बघा. डिझायरमधून उठताना त्रास होतो, बोलेरोत चढताना.

माझं मत विचाराल तर डिझायर घ्या. रोज एकटा माणूस पन्नास-साठ किलोमीटर डांबरीवरून जाणार आणि त्यासाठी सात माणसांची गाडी पळवायची, हे काही बरोबर बसत नाही. तुम्ही बारा महिने बागेतल्याच वस्तीवर राहत असता किंवा गाडी दर आठवड्याला माणसांनी भरून निघत असती, तर मी बोलेरो सांगितली असती. पैसे देण्याआधी एक करा : डिझायर ट्रायलला मागवा, घरचे पाच जण बसवा आणि शेतरस्त्यानं बागेपर्यंत न्या. शोरूमवाला कुरकुर करेल, करू द्या.

पुतण्याला सांगा, दहा वर्षांची अट दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागासाठी निघाली, तीही तिथल्या हवेमुळे. एमएच-21 च्या गाडीला, पेट्रोल असो की डिझेल, नोंदणी 15 वर्षांची. त्यानंतर तपासणीत पास झाली की पाच-पाच वर्षं वाढवून मिळते. दिल्लीत वय झालेल्या डिझेल गाड्या इकडे स्वस्तात विकायला येतात, त्यातली एखादी तो सुचवेल. घेण्याआधी एनओसी आणि इथला कर किती बसेल, ते आरटीओत विचारून घ्या.